‘सवय झाली आहे, डॉक्टर’

मागच्या सदराच्या शेवटी मी एक ओळ टाकली होती: रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, समुद्रकिनारा, म्हणजे जिथं काही वाईट घडलं की आधी पोहोचावं लागतं अशा कामातल्या माणसांनी मला लिहावं. तीनचार पत्रं येतील असं वाटलं होतं. टेबलावर आता चांगला गठ्ठा झालाय. जवळजवळ प्रत्येक पत्राखाली ‘नाव छापू नये’ असं लिहिलेलं आहे. गोव्यात नाव छापायची गरजच पडत नाही, वाडा सांगितला तरी माणूस ओळखतात. म्हणून गावांऐवजी तालुके दिलेत आणि काही तपशील मुद्दाम बदललेत.

मी अकरा वर्षं १०८ वर काम करतो. पहिल्या वर्षी अपघाताची केस झाली की दोन दिवस जेवण जात नसे. आता हातमोजे काढले की त्याच हातांनी पाव-भाजी खातो. सहकारी म्हणतात, तू पक्का झालास. गेल्या महिन्यात मुलीनं शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच केला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घड्याळ बघत होतो. काहीच वाटलं नाही. याला पक्कं होणं म्हणतात का? (फोंडा तालुका)

नाही. तसं म्हणत नाहीत, आणि हे तुम्हालाही कळलंय, नाहीतर नाचाबद्दल लिहिलं नसतं.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक आहे हाताची सवय. उलटलेल्या गाडीत वाकून सलाइन लावताना हात थरथरत नाही, हे अकरा वर्षांचं शिक्षण आहे. ते तुमचं भांडवल आहे, त्याची लाज वाटण्याचं कारण नाही. दुसरी गोष्ट मनाची, आणि मनाला प्रत्येक खोलीचं वेगळं बटण नसतं. भीती, किळस, दुःख बंद करायला तुम्ही मेन स्विच खाली ओढलात. रस्त्यावर त्याचा उपयोग झाला. पण कौतुक आणि लाडही त्याच तारेवर होते. मुलगी नाचत होती तेव्हा घरात वीजच नव्हती.

‘पण मला कुठल्या एका केसचा धक्का बसला नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, बसला नसेल. आपल्याकडची चिऱ्याची भिंत आठवा. जूनच्या पहिल्या सरीनं तिला काही होत नाही. ती चार महिने गुपचूप पाणी पिते, आणि चवथ आटोपून ऊन पडायला लागलं की मग गिलावा फुगतो, पापुद्रे सुटतात. त्या वेळी ‘कुठल्या पावसानं?’ असं कोणी विचारत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही डॉक्टर लोक बरीच वर्षं हाच प्रश्न विचारत होतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, १९८० मध्ये आला. त्यामागे मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते, आणि डोळ्यांसमोर होता एखादा भयंकर प्रसंग. कामाचा भाग म्हणून पुन्हापुन्हा असलं काही बघावं किंवा ऐकावं लागणं हेही कारण धरावं, असं स्पष्ट लिहिलं गेलं ते २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. तिथं उदाहरणच मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचं आणि मुलांवरील अत्याचारांचे तपशील सतत ऐकणाऱ्या पोलिसांचं दिलंय. आम्हाला तेहतीस वर्षं लागली.

गोव्यातल्या माणसाला आणखी एक ओझं आहे, जे मोठ्या शहरातल्याला सहसा नसतं. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, २०११ च्या जनगणनेत माणसं पंधरा लाखसुद्धा नव्हती. मुंबईतला रुग्णवाहिकेवरचा माणूस अनोळखी जखमीला उचलतो, रुग्णालयात सोडतो, विषय संपतो. तुम्ही उचलता तो कुणाचा तरी मेहुणा निघतो. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात त्याची आई मिरच्या निवडताना दिसते, आणि तुम्ही दुसऱ्या रांगेनं जाता. मृत किंवा जखमी ओळखीचा असणं, किंवा आपल्या मुलाच्या वयाचा असणं, यामुळं आघाताचा परिणाम वाढतो हे सगळीकडेच आढळलंय. आपल्याकडे ‘ओळखीचा’ या शब्दात अर्धं राज्य येतं, एवढाच काय तो फरक.

मोठ्या दुर्घटनांनंतर लोक चौकशी तरी करतात. जानेवारी २०१४ मध्ये काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले. मे २०२५ मध्ये शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून २५ जीव गेले. तेव्हा शेजारीपाजारी मदतीला गेलेल्यांना विचारत होते, ‘बरा आहेस ना?’ मंगळवारी दुपारी कुर्टीच्या वळणावर स्कूटरवरून पडलेल्या कॉलेजच्या मुलीबद्दल तुम्हाला कोण विचारतं? आणि अकरा वर्षांत असे मंगळवार किती झाले असतील?

आता कामाचं बोलतो. कोरडेपणा हे लक्षण आहे. तो तुमचा स्वभाव बनलेला नाही, आणि उपचारांनी उतरतो. त्याच्या जोडीला आणखी काय आहे ते स्वतःशी तपासा: झोप तुटते का, एखादा रस्ता टाळून लांबून जाता का, कॉलच्या रिंगटोनसारखा आवाज दुसऱ्याच्या फोनवर वाजला तरी छातीत धस्स होतं का, घरी कारण नसताना आवाज चढतो का. यातलं काही महिनाभराहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आघातावर केंद्रित असे जे मानसोपचार आहेत ते साधारण आठ ते बारा बैठकींत चालतात, जन्मभराचं काम नव्हे. तुमच्यासारख्या दीर्घ साठ्याला थोडं जास्त लागू शकतं.

तोवर एक करा. गणवेश घरी घालून येऊ नका. स्टेशनवरच आंघोळ, कपडे, आणि मग दहा मिनिटं कुठेतरी थांबून घरी. आणि घरी गेल्यावर एका माणसाला एक वाक्य: ‘आज एक वाईट केस होती.’ बस्स, तपशील नकोत. हे वाक्य सलग काही आठवडे बोलून बघा आणि मला कळवा.

पावसासाठी ठेवलेला सुका बांगडा भाजायला घेतला की आमचे हे उठून बाहेर जातात. आधी हेच मागून घ्यायचे. रात्री सिलिंडरचं बटण तीनदा बघतात, झोपेत ओरडतात. विचारलं तर ‘काही नाही’. पूर्वी शनिवारी दोन पेग व्हायचे, आता रोज. सासूबाई म्हणतात, पुरुषमाणसाला असं खोदून विचारू नये. ते अग्निशमन दलात आहेत. मी काय करू? (डिचोली तालुका)

बांगड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथंच सगळं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत जाताना मधल्या एका केंद्रात थांबून पुढं जातं. वास तसा थांबत नाही. तो भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागात जवळजवळ थेट शिरतो. त्यामुळं आगीवर काम केलेल्या माणसाला भाजण्याच्या वासानं क्षणात कुठं नेऊन ठेवलं असेल ते मी लिहीत नाही, तुम्हाला समजलंय. त्यांना कदाचित नीट समजलेलंही नसेल. शरीर उठून बाहेर जातं, कारण मागाहून शोधलं जातं: ‘जरा पाय मोकळे करतो.’

सध्या बांगडा शेजारणीच्या चुलीवर भाजून आणा. हा इलाज नव्हे. टाळत राहिलं की टाळायच्या गोष्टी वाढत जातात, आज बांगडा, उद्या शेकोटी, परवा होळी. उपचारात हाच वास हळूहळू, ठरवून परत घरात आणावा लागतो. पण ते काम उपचार करणाऱ्याचं, तुम्ही चुलीवर प्रयोग करू नका.

सासूबाईंचं अर्धं म्हणणं मला पटतं. खोदून विचारूच नये. ‘तिथं काय झालं, काय पाहिलंत’ हे तुम्हाला कळायची गरज नाही, आणि त्यांनी सांगितलं तर ती चित्रं तुमच्याही झोपेत येतील. पण न विचारणं आणि न बघणं यात फरक आहे. तुम्ही जे पाहिलंत ते सांगा: ‘काल रात्री तुम्ही दोनदा ओरडलात. मी जागी होते.’ आणि थांबा. उत्तराची घाई नको. समोरासमोर बसवून बोलायला गेलात तर ते चौकशीसारखं वाटेल. स्कूटरवर मागे बसून, अंगणात सुपारी सोलताना, हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना पुरुष जास्त बोलतात. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही, तीस वर्षं नवऱ्यांना आणि बायकांना ऐकून शिकलोय.

झोपेत ओरडत असतील तेव्हा गदागदा हलवू नका, वाकून तोंडाजवळ जाऊ नका. थोडं अंतर ठेवून दिवा लावा, नावानं हाक मारा, ‘घरी आहात, डिचोलीत’ असं सांगा. झोपेतला माणूस हात उगारतो, आणि जागा झाल्यावर त्याला त्याची जास्त लाज वाटते.

दारूबद्दल. पेग झोप आणतो खरा, पण दुसरा निम्मा भाग मोडून टाकतो. दारू उतरायला लागली की पहाटेची स्वप्नं जास्त जोरात येतात. मग ती स्वप्नं नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी एक पेग जास्त. ‘दारू सोडा’ म्हणून भांडलात तर भांडण दारूवर होईल आणि स्वप्नं बाजूला राहतील. त्यापेक्षा ‘झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊया’ म्हणा. झोपेसाठी डॉक्टरकडे जायला कुणाला कमीपणा वाटत नाही. मात्र फार्मसीतून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. डायझेपाम, अल्प्राझोलाम या जातीच्या गोळ्या आघाताच्या विकारात दीर्घकाळ देऊ नयेत असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि दारूसोबत त्या धोकादायक आहेत.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. ‘मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं’, ‘विमा काढलेलाच आहे’ अशा अर्थाचं काही बोलले, तर तो टोमणा समजू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो असेल तर त्या रात्री एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

तुम्ही स्वतः किती दिवस नीट झोपला नाहीत, ते लिहिलेलंच नाही.

मी २४ वर्षांचा, जीवरक्षक. लाल बावट्याच्या पलीकडे चाललेल्या पर्यटकांना तीनदा शिट्टी मारली होती. मुलगा गेला, माझ्याच वयाचा. मी दोन मिनिटं आधी निघालो असतो तर? रोज रात्री तेच. आई म्हणते तिथलं काहीतरी लागलंय, देवाला गाऱ्हाणं घालूया. (पेडणे तालुका)

तुला ‘तू’ म्हणतो, वयाचा हक्क म्हणून.

‘दोन मिनिटं आधी’ हा हिशेब तू आता करतोयस, निकाल माहीत झाल्यावर. त्या वेळी तुझ्यासमोर पाण्यात पन्नास डोकी होती, आणि त्यांतलं कुठलं बुडणार ते कपाळावर लिहिलेलं नव्हतं. बुडणारा सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. बहुतेक वेळा तो गप्पच असतो, श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही. हे तू मला शिकवू शकशील. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चारपाच मिनिटांत नुकसान सुरू होतं, आणि रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक जण उत्तम सीपीआर, म्हणजे छाती दाबून दिलेला प्रथमोपचार, मिळूनही वाचत नाहीत. टीव्हीवर वाचतात.

पण मला तुझ्या पत्रात दुसरंच काही जास्त ठळक दिसलं. ‘तीनदा शिट्टी मारली होती’ हे तू चार ओळींत दोनदा लिहिलंयस आणि एकदा खोडलंयस. तुला त्या मुलाचा राग आलाय. गेलेल्याचा राग कसा धरायचा, म्हणून तो राग तू स्वतःवर वळवलास. अपराधीपणाच्या पोटात पुष्कळदा राग असतो, आणि तो कबूल केल्याशिवाय हे ओझं हलत नाही. राग येणं साहजिक आहे. त्यानं ऐकलं नाही, आणि त्याच्या न ऐकण्याची शिक्षा तू भोगतोयस. हे एकदा मोठ्यानं म्हणून बघ, समुद्राला सांग हवं तर. त्याच्यावर दया येणं आणि त्याचा राग येणं, दोन्ही एका मनात बसू शकतं.

कधीकधी यात आणखी एक धागा असतो. किनाऱ्यावर माणसं कमी, पर्यटक दारू पिऊन, आणि हटकलं तर अरेरावी. जे करायला हवं ते करायला आपल्याला वावच नव्हता, अशी ती बोच. सैनिकांच्या अनुभवातून या जखमेला ‘नैतिक इजा’ असं नाव पडलं. भीतीच्या विकारापेक्षा ती वेगळी असते. गोळीनं फारशी जात नाही, न्याय झाल्यासारखं वाटलं तरच हलते. तुझ्या वरिष्ठांना लेखी कळव की अमुक ठिकाणी अमुक वेळी माणूस कमी पडतो. त्यातून काही होईल की नाही ते पुढचं पुढं, तुझ्या बाजूनं ते कागदावर आलेलं असेल.

आईला गाऱ्हाणं घालू दे, आणि तूही जा. मी डॉक्टर असून सांगतोय. गाऱ्हाण्यात होतं काय? तुझं दुःख दुसरा कुणी मोठ्या आवाजात, चार माणसांसमोर, तुझ्या वतीनं बोलतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तुला तोंड उघडावं लागत नाही, तरी ते बोललं जातं. आमच्या दवाखान्यात एवढं जमवायला तीन बैठकी जातात. फक्त नारळ ठेवून झाल्यावरही महिन्याभरात झोप परत आली नाही, तर देवाला राग येणार नाही, डॉक्टरकडे ये.

आपत्कालीन सेवेत अधिकारी आहे. मोठ्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून, प्रत्येकानं काय पाहिलं ते बोलायला लावावं, असं एका प्रशिक्षणात शिकलो. तसं केलं. दोघं त्यानंतर जास्तच बिघडले. माझं चुकलं का? (तिसवाडी)

तुमचा हेतू चुकला नाही, पद्धत जुनी निघाली. ती १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातले, त्यामुळं त्या कामातल्या माणसांना ती लगेच पटली आणि जगभर पसरली. नंतर नीट चाचण्या झाल्या. २००२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या एकत्र तपासल्या तेव्हा दिसलं की अशी एकच बैठक पुढचा विकार टाळत नाही, आणि काहींना उलट त्रास देऊ शकते. कारण समजायला सोपं आहे. ज्यानं मागचा दरवाजा सांभाळला त्यानं आतलं पाहिलेलंच नसतं. बैठकीत ते त्याला ऐकावं लागतं. आणि ज्याचं मन अजून पेटलेलं आहे, त्याला बोलायला भाग पाडणं म्हणजे राख न निवता उकरणं.

मग काय करायचं? आधी पोटाचं. चहा, जेवण, कोरडे कपडे, घरी एक फोन, आणि कोण कुणाच्या गाडीनं घरी जाणार याची सोय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत येतं: बघा, ऐका, जोडून द्या. कोण थरथरतोय, कोण अगदीच गप्प झालाय ते बघा. जो बोलेल त्याचं ऐका, न बोलणाऱ्याला सोडा. ज्याला गरज वाटते त्याला पुढच्या माणसाशी जोडून द्या. कामाचा आढावा, म्हणजे पाइप कुठं कमी पडला, रस्ता कुणी अडवला, तो जरूर घ्या. तो वेगळा.

पहिल्या आठवड्यात झोप न लागणं, दृश्यं डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप उतरतं. म्हणून लगेच सगळ्यांवर शिक्के मारू नका. महिन्यानं मात्र प्रत्येकाला एकेकट्याला भेटा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. उशिरा उमटणारा त्रास सहा महिन्यांनंतरही पूर्ण रूपात येतो. तोवर फाइल बंद झालेली असते, बदल्या झालेल्या असतात, आणि कुणाला दोन गोष्टींचा संबंध लागत नाही.

माझं खरं म्हणणं ड्युटीच्या तक्त्याबद्दल आहे. समुपदेशक बोलावणं सोपं, फोटोही येतो. तक्ता बदलणं कठीण. लहान मुलाचा मृतदेह उचललेल्या माणसाला पुढच्या तशाच कॉलला पुन्हा पाठवू नका. नवख्याला पहिल्या वर्षात शववाहनाचं काम सलग देऊ नका. तेच दोन ‘खंबीर’ लोक प्रत्येक वेळी पुढं केले जातात ना? प्रत्येक ठाण्यावर असे दोघं असतात, आणि माझ्याकडे तेच येतात.

दर १४ एप्रिलला तुम्ही मानवंदना देता. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी जे जिवंत परतले तेही दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले असतीलच. पुढच्या १४ एप्रिलला मानवंदना झाली की तुमच्या माणसांसमोर एवढंच म्हणा: ‘त्या घटनेनंतर मलाही पंधरा दिवस झोप नव्हती.’ अधिकाऱ्यानं हे म्हटलं की मागच्या रांगेतला एक तरी नंतर केबिनच्या दाराशी येतो.

मी जागेवर जातच नाही. फक्त फोन घेते. मग मला का त्रास व्हावा? (नियंत्रण कक्षातली कर्मचारी, बार्देश)

कारण तुम्हाला शेवट कळत नाही. आई किंचाळत फोन करते, तुम्ही तिला छाती कशी दाबायची ते सांगता, गाडी पोहोचते आणि फोन कट. मूल वाचलं का? मेंदू ते रिकामं चित्र स्वतःच भरतो, आणि बहुधा वाईटच भरतो. वर सांगितलेल्या निदानपुस्तकातली ‘पुन्हापुन्हा तपशील कानावर पडणं’ ही अट तुम्हाला तंतोतंत लागू पडते. कक्षप्रमुखांकडे एवढंच मागा की ज्या केसनं झोप उडाली तिचं पुढं काय झालं ते कळावं. वाईट बातमीसुद्धा न कळलेल्या बातमीपेक्षा पचायला हलकी असते.

संमोहनानं आठवण पुसता येते का? (सासष्टी)

पुसता येत नाही. आणि हे विचारायला गोव्याइतकी योग्य जागा नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा आहे ना, ते आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेले. संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसली शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात सूचनेमुळं घडतं, असं दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ठासून सांगणारे तेच. आजचे उपचारही आठवण पुसत नाहीत, तिचा डंख काढतात. ‘ईएमडीआर’ नावाच्या उपचारात आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायला सांगतात. दिसायला जादूटोण्यासारखं, पण चाचण्यांत उतरलेलं आहे. आठवण पुसून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बांबोळीला, मनोरुग्णालयात, गेलो तर रेकॉर्ड होईल, बढती अडेल. चाळीतही कळेल. (पोलीस हवालदार, मुरगाव)

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम २३ नं तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय. अपवाद मोजके आहेत, जसं कुणाच्या जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलंय.

कायदा कागदावर असतो आणि कुजबुज कँटीनमध्ये, हे मला मान्य आहे. ‘बांबोळीला नेला’ या दोन शब्दांनी आपल्याकडे किती जणांचे उपचार लांबले त्याची गणती नाही. पण गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळही बांबोळीतच आहे. ‘बांबोळीला जाऊन आलो’ एवढंच सांगा, पाठीचं दुखणं होतं म्हणा. खोटं बोलायचा सल्ला डॉक्टरनं देऊ नये, तरी देतो. उपचाराशिवाय राहण्यापेक्षा ते बरं. अगदीच नको असेल तर पहिलं बोलणं १४४१६ वर करा. बढतीचं विचारलंत म्हणून सांगतो, माझ्याकडे आलेल्यांत नोकरी धोक्यात आली ती उपचारामुळं कमी, कामावर दारू पिऊन आल्यामुळं किंवा कोठडीत हात उचलल्यामुळं जास्त.

मी कुठल्याच दलात नाही. महामार्ग ६६ वर चौकात माझं किराणा दुकान आहे. पंधरा वर्षांत दुकानासमोरून किती जणांना उचललं मोजलेलं नाही. झाकायला म्हणून पांढऱ्या चादरी दुकानात ठेवतो. त्या संपल्यात, आणि नव्या आणायला मन होत नाही. मला असा त्रास होणं बरोबर आहे का? (पेडणे तालुका)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गणवेशवाल्याला प्रशिक्षण असतं, जोडीदार असतो, ड्युटी संपते. तुमची ड्युटी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, आणि ब्रेकचा आवाज आला की वजनकाट्यावरचा हात थांबतो. त्यात तुम्हाला कुणी नेमलेलं नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. त्रास होणारच. वर १०८ वाल्यांना लिहिलंय ते सगळं तुम्हालाही लागू आहे, महिन्याची मर्यादा आणि डॉक्टरसकट.

पोलीस-कोर्टाच्या भीतीबद्दल लिहिलंत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्तीही नाही. तेवढी काळजी मनातून काढा.

चादरी पंचायतीकडे मागा. प्रथमोपचाराची पेटी आणि स्ट्रेचरही मागा, आणि ठेवायला समोरच्या रिक्षा स्टँडवर जागा करा. रिक्षावाल्यांपैकी दोघातिघांना सीपीआर शिकवायला कुणी येत असेल तर बोलवा. सगळं तुमच्याच फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी असायचं कारण नाही.